बंद खोलीतलं वाक्य

२१ जानेवारी २०२२, शुक्रवार. नवी दिल्लीतल्या मनोहर पर्रीकर संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्थेत जर्मन नौदलाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल काय-आखिम श्योनबाख बोलत होते. बोलण्याच्या ओघात ते म्हणाले की क्रिमिया, म्हणजे रशियानं २०१४ मध्ये युक्रेनकडून घेतलेला प्रदेश, गेला तो गेला, आता परत यायचा नाही. पुतिन यांना हवा आहे तो मान, आणि मान द्यायला फारसा खर्च येत नाही. बहुधा तो त्यांना द्यायलाही हवा, अशी पुस्तीही त्यांनी जोडली.

तेव्हा युक्रेनच्या सीमेवर रशियाची फौज जमत होती आणि युक्रेनला शस्त्रं द्यायला नकार देणाऱ्या जर्मनीकडे मित्रदेश आधीच तिरक्या नजरेनं पाहत होते. कार्यक्रमाचं चित्रीकरण झालं होतं आणि ते इंटरनेटवर आलं. शनिवारी युक्रेननं जर्मन राजदूताला बोलावून निषेध नोंदवला. शनिवारी रात्रीपर्यंत श्योनबाख यांचा राजीनामा मंजूर झाला होता. नौदलप्रमुखपदाचं पहिलं वर्षही अजून पुरं व्हायचं होतं.

अशा प्रसंगांवर आपल्याकडे एक तयार शेरा असतो: उचलली जीभ, लावली टाळ्याला. तो शेरा मला पटत नाही. वाचाळ माणूस सहसा खांद्यावरच्या तीन-चार ताऱ्यांपर्यंत, म्हणजे सर्वांत वरच्या हुद्द्यांपर्यंत, पोचतच नाही. त्याची गाडी कर्नलच्या आसपास अडते. जे वर पोचतात ते मोजून-मापून बोलणारेच असतात. मग त्यांच्या तोंडून असं वाक्य येतं कुठून? माझ्या मते ते त्यांच्या दुर्गुणातून येत नाही, तीस-पस्तीस वर्षं कमावलेल्या गुणातून येतं.

लष्करी ब्रीफिंगची भाषा पाहा. नकाशासमोर उभ्या अधिकाऱ्याला सांगायचं असतं की हा पूल गेला, तो धरून चालू नका. ‘कदाचित’, ‘एका अर्थी’, ‘असंही म्हणता येईल’ अशी शेपटं लावणारा अधिकारी तिथे टिकत नाही, कारण त्याच्या वाक्यावर तोफा कुठे लावायच्या हे ठरायचं असतं. मोहिमेनंतरच्या आढाव्यात कॅप्टननं कर्नलची चूक सर्वांसमोर दाखवली तर ती त्याच्या खात्यावर जमा होते. दार लागलं की आडपडदा नाही, हा त्या पेशाचा धर्म आहे. ‘क्रिमिया गेला, परत यायचा नाही’ हे वाक्य त्याच व्याकरणाचं आहे. नौदलाच्या मुख्यालयात ते परिस्थितीचं मूल्यमापन ठरलं असतं आणि कदाचित कुणी मान वर करूनही पाहिलं नसतं. तेच वाक्य परराष्ट्र खात्याच्या टेबलावर आलं की त्याचा अर्थ ‘जर्मनीनं ताबा मान्य केला’ असा होतो. शब्द तेच, खोली बदलली. आणि खांद्यावर जितके तारे जास्त, तितकं मूल्यमापन आणि धोरण यांतलं अंतर ऐकणाऱ्याला कमी दिसतं. मेजरचं मत हे मत असतं. दलप्रमुखाला वैयक्तिक मत आहे यावर परदेशी राजदूताचा विश्वास बसत नाही, आणि बसू नये असाच त्याचा पगार आहे.

याचा सर्वांत स्वच्छ नमुना अमेरिकी हवाई दलाचे प्रमुख जनरल मायकेल डुगन यांचा. १ जुलै १९९० ला ते प्रमुख झाले. २ ऑगस्टला इराकनं कुवेत गिळलं. सप्टेंबरमध्ये डुगन सौदी अरेबियातल्या आपल्या तुकड्या पाहायला गेले आणि सोबत विमानात पत्रकार घेतले. यात गैर काही नव्हतं. हवाई दल मोकळेपणानं बोलत नाही ही तक्रार जुनी होती आणि डुगन यांना ती मोडायची होती. विमानप्रवास हे मात्र मुलाखतीचं सर्वांत धोक्याचं ठिकाण. पत्रकार परिषद वीस मिनिटांत आवरता येते, जनसंपर्क अधिकारी घड्याळाकडे बोट दाखवतो. विमानातून कुणी उठून जात नाही. पहिल्या तासाला नेमकं बोलणारा माणूस तिसऱ्या-चौथ्या तासाला विचार करता करता बोलायला लागतो, आणि पत्रकाराची वही मात्र उघडीच असते.

डुगन यांनी सांगितलं ते थोडक्यात असं: इराकला हुसकायचं तर हवाई दल हेच खरं साधन आहे, बॉम्बफेकीचा रोख बगदादच्या मध्यावर हवा, सद्दाम हुसेन, त्यांचं कुटुंब आणि निकटवर्ती यांना लक्ष्य करावं लागेल, आणि लक्ष्य निवडताना इस्रायलकडून मिळालेला सल्ला उपयोगी पडला. रविवारी, १६ सप्टेंबरला, हे वर्तमानपत्रांत आलं. सोमवारी सकाळी संरक्षणमंत्री डिक चेनी यांनी त्यांना बोलावून पदावरून काढलं. प्रमुखपदाचे ७९ दिवस.

आता या वाक्यांची एकेक करून किंमत काढा. लक्ष्य सांगितलं, म्हणजे कारवाईची गुप्तता गेली. परक्या राष्ट्रप्रमुखाला मारायची भाषा केली. अमेरिकेत अध्यक्षीय आदेशानं राजकीय हत्येला बंदी आहे, तेव्हा कायद्याचा प्रश्न उभा राहिला. हवाई दलच पुरेसं आहे म्हटल्यावर वाळवंटात तंबू ठोकून बसलेल्या पायदळाची आणि नौदलाची नाचक्की झाली. पण सर्वांत महाग पडला तो इस्रायलचा उल्लेख. बुश सरकारनं त्या आठवड्यांत इजिप्त, सीरिया, सौदी यांना एका बाजूला बांधून आणलं होतं, आणि ती मोट टिकायची अट एकच होती: इस्रायल चित्रात दिसता कामा नये. डुगन यांच्या दृष्टीनं तो तांत्रिक तपशील होता. शिवाय दलप्रमुख अमेरिकेत युद्धाच्या आदेशसाखळीत नसतोच. आदेश अध्यक्ष, संरक्षणमंत्री आणि त्या क्षेत्राचा सेनापती असा जातो. म्हणजे जी मोहीम चालवायचा अधिकार त्यांना नव्हता, तिचा आराखडा ते सांगत बसले होते.

खोलीतून बाहेर पडणारं दुसऱ्या जातीचं वाक्य म्हणजे मेसमधला विनोद. मृत्यूच्या शेजारी राहणाऱ्या माणसांचा विनोद काळा आणि उद्धट असतो, त्याशिवाय ते काम करता येत नसावं. नोव्हेंबर १९९५ मध्ये अमेरिकेच्या पॅसिफिक विभागाचे सेनापती ॲडमिरल रिचर्ड मॅकी वॉशिंग्टनमध्ये पत्रकारांबरोबर नाश्त्याला बसले. जपानमधल्या ओकिनावा बेटावर सप्टेंबरमध्ये तीन अमेरिकी सैनिकांनी भाड्यानं घेतलेल्या गाडीतून एका बारा वर्षांच्या मुलीला पळवून नेऊन तिच्यावर बलात्कार केला होता. मॅकी म्हणाले की हा शुद्ध मूर्खपणा होता. गाडीच्या भाड्याच्या पैशात त्यांना बाई मिळाली असती. आपण त्या सैनिकांचा निषेधच करतो आहोत असं त्यांना वाटत असणार, आणि भयंकर आहे ते हेच. त्याच दिवशी त्यांच्या निवृत्तीची घोषणा झाली.

स्टॅनले मॅक्रिस्टल यांच्या प्रकरणात तर विनोद बहुतेक हाताखालच्यांचे होते. एप्रिल २०१० मध्ये आइसलंडच्या ज्वालामुखीच्या राखेनं युरोपातली विमानं जमिनीवर बसली आणि अफगाणिस्तानातल्या अमेरिकी फौजांचे हे सेनापती आपल्या मंडळींसह पॅरिसमध्ये, मग बर्लिनमध्ये अडकले. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाचे मायकेल हेस्टिंग्ज त्यांच्यासोबत होते. दोन दिवसांची ठरलेली भेट लांबली की पत्रकार पाहुणा राहत नाही, घरचा होतो. उपाध्यक्ष बायडन यांच्या नावावर कोटी झाली, राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांना विदूषक ठरवलं गेलं. जूनमध्ये लेख आला आणि २३ जूनला मॅक्रिस्टल यांचं पद गेलं. स्वतः त्यांच्या तोंडी लेखात तसं थोडकंच होतं. पण सेनापतीच्या टेबलावर जे बोललं जातं आणि तो थांबवत नाही, ते त्याचंच. आणखी एक गोष्ट विसरली जाते: ही दुसरी वेळ होती. १ ऑक्टोबर २००९ ला लंडनमध्ये भाषणानंतरच्या प्रश्नोत्तरांत त्यांनी बायडन यांच्या पर्यायी योजनेची वासलात लावली होती, आणि दुसऱ्याच दिवशी ओबामांनी कोपनहेगनच्या विमानतळावर उभ्या असलेल्या आपल्या विमानात त्यांना बोलावून घेतलं होतं. पहिली चूक बहुतेक सरकारं पोटात घालतात. दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकी सेनापती जॉर्ज पॅटन यांचंही तेच. एप्रिल १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या नट्सफर्डला, इथे वार्ताहर नाहीत अशा समजुतीत, युद्धानंतर जगावर कोण राज्य करणार याबद्दल ते बोलले. त्यांचे वरिष्ठ आयझेनहॉवर यांनी सांभाळून घेतलं. सप्टेंबर १९४५ मध्ये जर्मनीतल्या बाड ट्योल्झला त्यांनी नाझी पक्षाच्या सभासदत्वाची तुलना अमेरिकेतल्या पक्षांशी केली, तेव्हा त्यांची थर्ड आर्मी हातून गेली आणि कागदावरच्या, युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्या आर्मीची जबाबदारी मिळाली.

पत्रकाराशी बोलण्याच्या अटी या सगळ्यात फार कच्च्या समजलेल्या असतात. ढोबळमानानं तीन पायऱ्या: नावासह छापायचं, नाव न देता, ‘एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या मते’ असं छापायचं, आणि अजिबात छापायचं नाही. अट बोलण्याआधी ठरते आणि दोघांनी मान्य करावी लागते. बोलून झाल्यावर ‘हे आपल्यात हं’ म्हणणं ही विनंती आहे, करार नाही. १९७७ मध्ये कोरियातल्या अमेरिकी फौजांचे चीफ ऑफ स्टाफ मेजर जनरल जॉन सिंगलॉब यांनी फौज मागे घेण्याच्या अध्यक्ष कार्टर यांच्या योजनेमुळे युद्ध ओढवेल असं सांगितलं. आपलं नाव येणार नाही अशी त्यांची समजूत. पत्रकाराची समजूत उलटी. कार्टर यांनी त्यांना परत बोलावलं, दुसरीकडे नेमलं. पुढच्या वर्षी जॉर्जियात विद्यार्थ्यांसमोर ते पुन्हा धोरणावर घसरले आणि निवृत्त झाले. या दुसऱ्या खेपेला वार्ताहराच्या अटी ठरवण्याचा प्रश्नच नव्हता, कारण सभागृहाशी करार करता येत नाही.

परिसंवादाच्या बाबतीत तर ‘चॅटॅम हाउसचा नियम’ हे शब्द कानावर पडले की अधिकारी सैलावतात. लंडनच्या चॅटॅम हाउस या अभ्याससंस्थेचा १९२७ पासूनचा हा नियम एवढंच म्हणतो की ऐकलेलं वापरा, पण कोण बोललं ते सांगू नका. ज्या खोलीत एकच नौदलप्रमुख आहे तिथे नाव झाकून काय झाकणार? त्यामुळे निमंत्रण स्वीकारण्याआधीचे प्रश्न रुक्ष असले तरी तेच कामाचे: चित्रीकरण कोण करणार, ते कुणाच्या चॅनेलवर आणि केव्हा जाणार, श्रोत्यांत परदेशी दूतावासांचे लोक आहेत का, प्रश्न लेखी येणार की हात वर करून. मूळ भाषण सहसा घात करत नाही. ते दोन-चार हातांतून तपासून आलेलं असतं. घात होतो तो चाळिसाव्या मिनिटाला, हुशार आणि प्रेमळ प्रश्नावर. शत्रुत्वानं विचारलेल्या प्रश्नाला अधिकारी कवच चढवून उत्तर देतो. ‘सर, तुमचा एवढा अनुभव, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?’ यापुढे चिलखत उतरतं. याला तयारीतलं उत्तर एकच, आणि ते कंटाळवाणं आहे: त्यावर सरकारनं भूमिका मांडली आहे, मी त्यात भर घालणार नाही. श्रोते निराश होतात, होऊ द्यावेत. जवळचा कुणी स्टाफ अधिकारी पहिल्या रांगेत बसवून त्याला चर्चा तोडायचा अधिकार देणं हाही चांगला उपाय आहे. अडचण अशी की चार ताऱ्यांच्या माणसाला ‘सर, पुरे’ म्हणणारा मेजर शोधून ठेवावा लागतो, तो आपोआप सापडत नाही.

भारतीय लष्करात याची चौकट कागदावर फार स्पष्ट आहे. आर्मी रूल्स १९५४ मधला नियम २१ सांगतो की राजकीय प्रश्न, सेवेशी संबंधित विषय किंवा सेवेतली माहिती यांबद्दल काहीही छापायचं, वृत्तपत्रांना कळवायचं किंवा त्यावर व्याख्यान द्यायचं तर आधी मंजुरी लागते. आणि आर्मी ॲक्ट १९५० चं कलम १८ म्हणतं की सेवा राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत. मर्जी हा शब्द इथे दरबारी नाही, कायद्याचा आहे. जर्मनीतही ब्रिगेडियर जनरल आणि त्यावरच्यांना कारण न देता तात्पुरत्या निवृत्तीत पाठवता येतं. अमेरिकेत तीन आणि चार तारे माणसाचे नसतात, पदाचे असतात: पद गेलं आणि ठरावीक मुदतीत दुसरं तशाच तोलाचं मिळालं नाही की कायमचा हुद्दा, म्हणजे दोन तारे, उरतो. चार तारे घेऊन निवृत्त व्हायचं तर त्या हुद्द्यावर साधारण तीन वर्षं भरावी लागतात. मॅक्रिस्टल यांची भरली नव्हती; ओबामांनी सूट दिली. मॅकी दोन ताऱ्यांवर निवृत्त झाले, अर्थात त्यात नंतरच्या एका वेगळ्या चौकशीचाही हात होता. म्हणून या प्रकरणांत कोर्ट मार्शल क्वचित होतं. त्याची गरजच नसते.

कोण वाचतो, कोण जातो यालाही एक तर्क आहे, आणि तो सभ्यतेचा नाही. फेब्रुवारी २००५ मध्ये सॅन डिएगोत लेफ्टनंट जनरल जेम्स मॅटिस म्हणाले की काही लोकांना गोळ्या घालण्यात मजा येते. टीका झाली, वरिष्ठांनी समज दिली, संपलं. पुढे ते चार तारांकित झाले आणि २०१७ मध्ये संरक्षणमंत्री. वाक्य मॅकींच्या जातीचंच होतं. पण त्यानं कुठला करार धोक्यात आला नाही, कुठल्या मित्रदेशात मोर्चे निघाले नाहीत, कुठल्या मंत्र्याचा अपमान झाला नाही. मॅकींच्या वाक्यावर ओकिनावातले तळ टांगलेले होते. सरकार वाक्याचा वास घेत नाही, त्यानं आपले हात बांधले गेले का एवढंच पाहतं.

वाक्य सुटल्यानंतरचा दिवस हा दुसरा सापळा. ३१ डिसेंबर २०१४ च्या रात्री पोरबंदरच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात एका पाकिस्तानी बोटीला आग लागून ती बुडाली. बोटीवरच्या लोकांनीच ती पेटवली, ही सरकारची भूमिका. फेब्रुवारीत सुरतच्या एका कार्यक्रमात तटरक्षक दलाचे उपमहानिरीक्षक बी. के. लोशाली यांनी मात्र ती उडवायचा आदेश आपण दिला आणि बोटीवरच्यांना बिर्याणी खिलवायची नव्हती असं सांगितलं. बातमी छापून येताच त्यांनी इन्कार केला. मग चित्रफीत बाहेर आली. तोवर प्रश्न एका फुशारकीचा होता. आता सरकारची भूमिका, अधिकाऱ्याचं वाक्य आणि अधिकाऱ्याचा इन्कार अशी तीन विधानं एकमेकांसमोर उभी राहिली, आणि त्यातलं सरकारचं खरं ठरवायचं तर उरलेली दोन बोलणाऱ्याला ठेवून चालणार नव्हतं. डिसेंबर २०१५ मध्ये ते बडतर्फ झाले. इन्काराआधी ध्वनिमुद्रण आहे का एवढं विचारायला एक फोन पुरतो. श्योनबाख यांनी निदान ते केलं नाही. चूक ती चूकच, असं म्हणून मोकळे झाले.

या यादीत कोरियन युद्धातले अमेरिकी सेनापती मॅकआर्थर यांचं नाव हमखास येतं. मला ते इथे बसवता येत नाही. जाहीर विधानं आधी मंजूर करून घ्या असा आदेश ६ डिसेंबर १९५० ला निघालेला असताना त्यांनी मार्च १९५१ मध्ये विरोधी पक्षनेत्याला पत्र लिहिलं, ५ एप्रिलला ते सभागृहात वाचलं गेलं, ११ एप्रिलला अध्यक्ष ट्रुमन यांनी त्यांना काढलं. तो बेसावधपणा नव्हता, ती झुंज होती. तसेच ब्रिटिश मेजर जनरल फ्रेडरिक मॉरिस. पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांचं सरकार आघाडीवरच्या सैन्यबळाबद्दल संसदेची दिशाभूल करतं आहे, असं पत्र त्यांनी ७ मे १९१८ ला वृत्तपत्रांत छापून आणलं, तेव्हा आपली नोकरी जाणार हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. गेलीही.

जहांगीर करामत यांचं प्रकरण मात्र कुठल्याच खणात नीट मावत नाही. ५ ऑक्टोबर १९९८ ला लाहोरच्या नौदल युद्ध महाविद्यालयात पाकिस्तानच्या या लष्करप्रमुखांनी राष्ट्रीय सुरक्षा परिषद असावी अशी सूचना केली. सौम्य, संस्थात्मक, अभ्यासू वाक्य. पण बोलणारा पाकिस्तानचा लष्करप्रमुख, आणि त्या हुद्द्याच्या तोंडून आलेली सूचना तिथे कुणी सूचना म्हणून ऐकत नाही. दोन दिवसांत करामत यांनी राजीनामा दिला. निवृत्तीला तीन महिने उरले होते. नवाझ शरीफ यांनी त्यांच्या जागी परवेझ मुशर्रफ यांना आणलं. साधारण वर्षभरानं, १२ ऑक्टोबर १९९९ ला, मुशर्रफ यांनी भाषण वगैरे काही न करता सरकारच ताब्यात घेतलं.

डुगन यांचं पुढे काय झालं? वर्ष संपता संपता ते हवाई दलातून निवृत्त झाले. १७ जानेवारी १९९१ ला पहाटे बगदादच्या मध्यावर बॉम्ब पडायला लागले, साधारण त्यांनी विमानात सांगितलं होतं त्याच धर्तीवर. त्या युद्धात डुगन सीबीएस वाहिनीवर दिसत होते, लष्करी विश्लेषक म्हणून.